उशीवरचे पंजे

दाराबाहेर ‘टक्’ असा आवाज झाला, तेव्हा मी बाळाला पाजून नुकतंच खांद्यावर घेतलं होतं.

"या ना नाना आत," मी म्हटलं.

पडदा हलला नाही. त्याच्या कडेनं मोबाइलचा एक कोपरा तेवढा आत आला होता आणि मोबाइलच्या खालच्या बाजूला, चार्जरच्या जागी खोचलेली ती काळी डबी. काडेपेटीच्या निम्म्यानं असेल. दर थोड्या वेळानं ती आपली आपणच टक् करायची, एखाद्या म्हातारीनं जीभ टाळूला लावून करावं तसं.

"झोपली का?" बाहेरून नानांनी विचारलं.

"ढेकर काढतेय. तुम्ही घ्या ना, तुमच्या खांद्यावर पटकन काढेल."

"नको, असू दे. मी ते... पाणी ठेवलंय चुलीवर."

सकाळचे साडेअकरा वाजले होते. बाळाची अंघोळ होऊन दोन तास होऊन गेले होते. चुलीवर कसलंच पाणी नव्हतं.

पावलं लांब गेली. घरातसुद्धा चपला घालून फिरायची सवय त्यांना अलीकडेच लागली होती. सपक सपक आवाज मागच्या दारापर्यंत गेला नि थांबला. बाळानं ढेकर काढला तो माझ्याच खांद्यावर, थोड्या दुधासकट.

ती नऊ दिवसांची होती. जळगावच्या दवाखान्यातून तिला यावलच्या घरी, माझ्या माहेरी, आणून सहा दिवस झाले होते. या सहा दिवसांत माझ्या वडिलांनी तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं.

हे मला का लागलं, ते नानांना ओळखणाऱ्यालाच कळेल. नाना चौतीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन होते. गावातल्या कुठल्याही मीटरच्या पेटीला हाताची पालथी बाजू टेकवायचे आणि सांगायचे, "आतला जोड सैल आहे, तापतोय." उघडून बघितलं की तसंच निघायचं. त्यांच्या हातांना सगळं कळायचं. मी लहान असताना आईला पाठीचं दुखणं होतं, वाकवत नसे, म्हणून मला अंघोळ नानाच घालायचे. कढत पाण्यात विसण घालायचे, आधी स्वतःचं कोपर बुडवायचे, मग माझं. म्हणायचे, "बघ चिमे, तुझ्याएवढं झालं की नाही?" मला ते वाक्य कळायचं नाही, पण पाणी खरंच माझ्याएवढं असायचं. सातवा महिना लागल्यापासून मी एकच चित्र मनाशी घेऊन बसले होते. नाना विसण घालतायत, कोपर बुडवतायत आणि माझ्या बाळाला म्हणतायत, बघ, तुझ्याएवढं झालं.

प्रत्यक्षात बाळाला अंघोळ घालत होती कमळाआत्या. ही नानांची मोठी बहीण. बाळंतपणासाठी म्हणून फैजपूरहून आली होती ती नऊवारी आणि जीभ दोन्ही कडक इस्त्रीची घेऊन. नानांनी आपण होऊन एकच काम अंगावर घेतलं होतं. मागच्या अंगणात चुलीवर तांब्याच्या तपेल्यात पाणी तापवायचं आणि तपेलं न्हाणीपर्यंत आणून द्यायचं. आणलं की उंबऱ्याशी ठेवायचं आणि मागच्या मागे निघून जायचं.

"हौस होती त्याला नातवाची," आत्या बाळाच्या पायांना तेल चोळता चोळता म्हणाली. "पुरुषाची जात, रूपे. तोंडानं नाही बोलत, हात आखडून दाखवते."

"नाना तसे नाहीत."

"मग कसे आहेत? सांग ना. पोर डोळे उघडून बघते नि हा पडद्याआडून तिचा फोटो काढतो. माय वं! पाहुणासुद्धा आत येऊन बघतो."

नाना कसे आहेत, ते मलाच कळेनासं झालं होतं.

ती काळी डबी महिन्याभरापूर्वी कुरिअरनं आली होती. मोबाइलला लावली की समोरचं सगळं रंगांत दिसायचं. गरम ते पिवळं, त्याहून गरम ते पांढरं, आणि गार ते जांभळं. मधे एक फुली आणि फुलीशेजारी आकडा. "घरातल्या वायरिंगसाठी घेतली," नाना म्हणाले होते. "जोड तापला की यात लगेच दिसतो. हात लावायला नको." पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी हौसेनं बघितलं होतं. फ्रिजची पाठ, पत्र्यावर उन्हाला बसलेली मांजर, आईचं नाक. आईचं नाक जांभळं आलं म्हणून आई रुसली होती. पण नानांचं ते खेळणं सुटेचना. वायरिंग तपासून एका दुपारीच झालं असेल. त्यानंतर ते नळाला कॅमेरा दाखवायचे, तव्याला दाखवायचे, आणि चहाला तर दाखवल्याशिवाय प्यायचेच नाहीत.

"आधी देवाला नैवेद्य दाखवायचे," आई म्हणाली, "आता चहा मोबाइलला दाखवतात. निवून त्याचं सरबत होतं तेव्हा घोट घेतात."

आईनं हे हसत सांगितलं आणि मीही हसले. त्यांनी बटणांचे शर्ट घालायचे सोडून गळ्यातून घालायचे सुती सदरे धरले होते, त्यालाही आम्ही निवृत्तीचा आळस म्हणून हसलो होतो.

दहाव्या दिवशी दुपारी नाना जरा आडवे झाले होते आणि त्यांचा मोबाइल माझ्या खोलीत चार्जिंगला लागला होता. माझ्या मोबाइलमधली जागा संपली होती आणि बाळ झोपेत हसत होतं. मी त्यांचा मोबाइल उचलला, तिचा फोटो काढला आणि नीट आला का ते बघायला फोटोंत शिरले.

तिचा फोटो पहिलाच होता. त्याच्या आधीचे सगळे त्या डबीतून काढलेले. चहाचा कप, ४१. तपेलं, ७३. तेच तपेलं, ५२. तेच, ३८. मग बाळ. पडद्याआडून, दारातून, खिडकीतून काढलेली ती एक पिवळी मुटकुळी. चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसती ऊब. असे दहाबारा. आणि मग पंजे.

जांभळ्या भिंतीवर पिवळे पंजे. कुठे एक, कुठे दोन शेजारी शेजारी. काही ठसठशीत, काही नुसती बोटांची टोकं. भिंत ओळखू येत होती. पाळण्यामागची, खुंटीची. मी मान वर करून बघितलं. भिंत स्वच्छ होती. दिवाळीत रंग दिलेली, फिकट हिरवी, एक डाग नाही.

"काय बघते गं एवढं?" आत्या शेगडीत ओवा टाकायला आली होती, ती वाकली. आणि जागच्या जागी खाली बसली. "हे कोणाचे हात?"

"माहीत नाही."

"कोणत्या दिवशीचं आहे ते? तारीख येते ना त्याच्यात?"

मी तारीख सांगितली. आत्यानं बोटांवर दिवस मोजले आणि तिचा चेहराच बदलला.

"सहावी," ती म्हणाली. "रूपे, सहावीचा दिवस आहे हा. मी पाटावर कोरा कागद ठेवला होता. पेन ठेवला होता. ती आली होती."

"कोण?"

"नाव नको घेऊ बाळंतिणीच्या खोलीत. जी लिहिते ती." आत्यानं बाळाच्या कपाळाकडे बघून हात जोडले. "माझ्या सत्तर वर्षांत ऐकलं होतं. बघितलं आज. मोबाइलमधी!"

ती आईला हाका मारत स्वयंपाकघरात धावली. मीठ-मोहऱ्या घेऊन यायला, हे उघड होतं. मी पुढचा फोटो बघितला.

पुढच्या फोटोत उशी होती. बाळाच्या पाळण्यातली लांबोडकी उशी, तिच्याएवढीच असेल. उशीवर दोन पंजे. आणि डाव्या पंज्याची करंगळीशेजारची अनामिका अर्धीच होती.

ते बोट मला पाठ होतं. मी तिसरीत असताना एका खांबावर नानांचं ते पेर गेलं होतं. लहानपणी त्यांचं बोट धरायचं म्हणजे मी नेमकं तेच धरायची, कारण ते माझ्या मुठीत बरोबर बसायचं.

म्हणजे सटवाईबिटवाई कोणी नव्हती. हात लावला की ऊब थोडा वेळ मागे राहते, तेच त्या डबीला दिसलं होतं. हात नानांचे होते. एवढं कळलं, आणि मी आधीपेक्षा जास्त गोंधळले. उशीचे फोटो मी मोजले. त्रेचाळीस. रोजचे सातआठ, कधी दहाबारा. ज्या माणसाला माझ्या मुलीला हात लावायचा नव्हता, तो, आम्ही दोघी अंघोळीला नि उन्हाला बाहेर गेलो की, तिच्या रिकाम्या पाळण्यापाशी येऊन तिच्या उशीला हात लावत होता. आणि त्याचे फोटो काढत होता. का?

आत्यानं माझी, बाळाची आणि मोबाइलचीसुद्धा दृष्ट काढली. मोहऱ्या शेगडीत तडतडल्या. मी आत्याला अर्ध्या बोटाचं सांगितलं नाही. काय सांगणार होते? त्याचा अर्थ मलाच लागत नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी अंगणात बारशाचं बोलणं निघालं. आई चुलीपाशी डाळ निवडत होती. मी कानाला रुमाल बांधून उन्हाला बसले होते. जानेवारी होता आणि खानदेशातली थंडी बोलायला लागलं की तोंडातून धूर काढते.

"सोनार दहाला येतो म्हणालाय," आई म्हणाली. "कान आधी टोचून घेऊ, मग पाळणा. मामाच्या मांडीवर बसवायची रीत. हिला मामा नाही, तर आजोबाच बसतील."

नाना चुलीतली लाकडं मागे ओढत होते. ते थांबले.

"नीलेशच्या मांडीवर घ्या," ते म्हणाले.

"बापाच्या मांडीवर नाही टोचत," आत्या न्हाणीतून ओरडली. "बापाला रडू येतं."

"मग तू घे."

"मी बाई माणूस. रीत काय म्हणते?"

"मला नाही जमणार." नाना एवढंच म्हणाले आणि उठले. मी त्यांच्या मागे गेले. बाळंतिणीनं झपझप चालू नये म्हणतात, पण मी चालले. गोठ्याच्या रिकाम्या पडवीत त्यांना गाठलं.

"नाना, मुलगी झाली म्हणून का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोलले.

"काय बोलते तू?"

"मग सांगा ना. मी काय समजायचं? ती बारा दिवसांची होईल उद्या. तुम्ही तिचा वास घेतला नाही अजून. तिच्या अंगाला कसा वास येतो माहितीय तुम्हाला?"

"तू झालीस तेव्हा," नाना म्हणाले, "मी खांबावर होतो. खालून कोणी ओरडलं, पोरगी झाली. मी उतरलो नि सायकल हाणली. दवाखान्यात नर्स म्हणाली, जोडे कुठं आहेत? खांबापाशीच राहिले होते." ते थांबले. "मुलगी झाली म्हणून म्हणे."

"मग घ्या तिला. आत्ता. चला."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. शाळेत छडी बसायच्या वेळी पोरं नेतात तसे.

"थोडे दिवस जाऊ दे, चिमे."

"थोडे म्हणजे किती? आणि उशीला हात लावता, तिला का नाही?"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. चोरी पकडल्यासारखा.

मला रडू आलं आणि त्या दिवसांत मला कशानंही यायचं, त्यामुळे त्याला किंमत नव्हती. म्हणून मी रडता रडता जे बोलू नये ते बोलले. "मी सव्वा महिना राहणार नाही इथं. उद्या बारसं झालं की नीलेशबरोबर नाशिकला जाते. जिथं तिला कोणी हात लावत नाही, तिथं मी तिला ठेवणार नाही."

मी वळले तेव्हा त्यांच्या खिशात टक् झालं.

बारशाच्या दिवशी पहाटेच आईला आणि आत्याला भांड्यांचं खूळ चढलं. पाहुणे मागच्या अंगणात हात धुवायला येणार, काळं तपेलं बघून काय म्हणतील! वर्षानुवर्षांची काजळी त्या तपेल्यावर बसली होती. आत्यानं चिंच, मीठ आणि राख घेऊन ते असं घासलं की चुलीवर ठेवताना ते नव्या नवरीसारखं लालबुंद झळकत होतं. आई म्हणाली, "जाळ बेतानंच घाला, पुन्हा काळं नको व्हायला." म्हणून नानांनी आज लाकडं नाही, फुललेले निखारे घातले. पाणी तापलं. नीलेश नुकताच नाशिकहून येऊन ओट्यावर बसला होता. मी बाळाचे कपडे काढून तिला दुपट्यात गुंडाळून न्हाणीच्या दारात उभी होते. आत पाटावर आत्या पाय पसरून तयार.

रोज काय व्हायचं ते मी बघितलेलं होतं. नाना तपेलं निखाऱ्यांवरून खाली ओढून ठेवायचे आणि कॅमेरा रोखून बसायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत्या ओरडायची, ते हलायचे नाहीत. मग कधीतरी आकडा त्यांच्या मनासारखा यायचा आणि ते तपेलं दोन्ही हातांनी, फडक्याबिडक्याशिवाय, पोटाशी धरून आणायचे.

त्या दिवशी त्यांनी चिमट्यानं तपेलं ओढलं, झाकण ठेवलं, मोबाइल रोखला. टक्.

"अडतीस!" ते म्हणाले. "आज लवकर निवलं."

त्यांनी मोबाइल खिशात टाकला, तपेल्याच्या गळ्याला दोन्ही तळवे लावले आणि उचललं.

ते माझ्या दिशेनं चालत आले. सावकाश, एकेक पाऊल जपून, डोळे जमिनीवर. दहाबारा पावलांचं अंतर. मला वाटलं, आज यांना सांगावं, नाना, आज विसण तुम्ही घाला. ते उंबऱ्याशी पोचले आणि आत्यानं सवयीनं तपेल्याला बोट लावलं.

"आई गं!" आत्यानं बोट तोंडात घातलं. "अरे, आधण आहे हे! टाक, टाक खाली!"

नानांनी टाकलं नाही. ते तपेलं तसंच धरून उभे राहिले आणि आत्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"अडतीस आहे," ते म्हणाले. "मी बघितलंय."

मी हात पुढे केला. तपेल्यापासून वीतभर अंतरावरच मला झळ लागली. बाळाला मी छातीशी ओढून मागे सरकले. नानांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. काहीच नव्हतं. शाळेत गणित चुकलेल्या मुलासारखे ते फक्त गोंधळलेले होते.

"नाना, ठेवा खाली," मी म्हटलं. "सावकाश. माझ्याकडे बघा. ठेवा."

त्यांनी ठेवलं, एक थेंब न सांडता. हात सोडले आणि तळवे वर केले. दोन्ही तळव्यांवर कातडी पांढरी फुगलेली होती. ते त्याकडे असे बघत होते, जणू कोणी दुसऱ्याचे हात आणून दाखवले आहेत.

नीलेशनं त्यांना ओढतच नळाखाली नेलं. गल्लीतले डॉक्टर आले. बोलणं त्यांच्यासमोरच झालं, कारण ते ऐकत नव्हते, मलम लावत होते. आणि त्यांना सगळं आधीच माहीत होतं.

"दीड वर्षं झालं," नाना म्हणाले. "आधी पायांची बोटं बधिर झाली. मग हातांची. साखरेनं. डॉक्टरसाहेबांना म्हटलं होतं, घरी नका सांगू."

"मी सांगा म्हणालो होतो," डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

"सांगितलं असतं तर हिनं मला गॅसपाशी उभं केलं नसतं," नानांनी आईकडे हनुवटी केली. "चुलीपाशी नाही. बोर्डापाशी तर नाहीच. मी काय करायचं मग? मला हातांशिवाय येतं काय?"

आई भिंतीला टेकून उभी होती. "चहा," ती म्हणाली. एवढंच. तिला आता सगळे चहा आठवत होते.

"फडकं धरलं तर ते कधी निसटतं, कळत नाही. म्हणून निवू द्यायचो नि उघड्या हातानं धरायचो. डबी बरोबर सांगायची. रोज सांगायची." ते नीलेशकडे वळले, एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं. "आज चुकली कशी?"

नीलेश अंगणात गेला. त्यानं मोबाइल चमकत्या तपेल्यासमोर धरला आणि आम्हाला बोलावलं. पडद्यावर तपेलं गडद जांभळं होतं आणि त्या जांभळ्यात, आरशात दिसावी तशी, नीलेशची पिवळी आकृती हलत होती.

"घासलंय ना," तो म्हणाला. "लख्ख तांबं स्वतःचं काही दाखवतच नाही. समोरचंच दाखवतं. तुम्ही वाकून फुली धरलीत, त्यात तुमच्याच अंगाची ऊब आली असेल."

"म्हणजे काजळी होती तोवर खरं बोलत होतं," नाना म्हणाले.

आत्यानं पदर तोंडाला लावला. तिनंच घासलं होतं. "मेली चिंच," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी नानांच्या समोर जमिनीवर बसले. बाळ मांडीवर होतं, अंघोळ राहूनच गेली होती, तिला भूक लागली होती आणि ती स्वतःची मूठ चोखत होती.

"आणि उशी?"

नानांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. हातांना पट्ट्या बांधून झाल्या होत्या, दोन पांढरे बोळे.

"तिला धरलं नि हात सैल पडला, तर मला कळणारच नाही, चिमे. तिची मान माझ्या हातावर आहे का हात नुसता हवेत आहे, काही कळत नाही. आधी भिंतीवर बघितलं, दाबतोय का नुसतं टेकवतोय. मग उशी घेतली. उशी धरायची, उभं राहायचं, पुन्हा ठेवायची. ठेवली की कुठं कुठं बोट लागलं ते त्याच्यात दिसतं. मानेखाली चार बोटं लागायला पाहिजेत. माझी दोनच लागायची. मग तीन." त्यांनी बाळाकडे बघितलं. "परवा चारही लागली. म्हटलं, अजून आठ दिवस करू, हात बसू दे. मग मागतो तुझ्याकडे."

मला त्रेचाळीस फोटो आठवले. कोणत्या फोटोत मानेखाली किती बोटं होती, ते मी बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. सोनार आला होता, वेळेवर, हातात छोटी डबी. अंगणातलं दृश्य बघून तो दारातच थबकला. "नंतर येऊ का?"

"नाही," मी म्हटलं. "या तुम्ही. नाना, पाटावर बसा."

"अगं, हात..."

"हात मी धरते. तुम्ही मांडी द्या. रीत मांडीची आहे, हातांची नाही. आत्या, आहे ना?"

"आहे," आत्या नाक पुसत म्हणाली. "हातांचं कोणी काही म्हटलेलं नाही."

नाना मांडी घालून बसले. पट्ट्या बांधलेले हात त्यांनी दोन्ही बाजूंना वर धरले होते, कोणी पिस्तूल रोखल्यासारखे. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि एक हात तिच्या मानेखाली, एक तिच्या छातीवर ठेवला. चार बोटं मानेखाली. मी मुद्दाम मोजली. नाना वाकले. तिच्या टाळूजवळ नाक नेलं आणि तिथंच ठेवलं. किती वेळ, कोण जाणे. सोनार तार हातात घेऊन थांबला होता. त्यालाही काही घाई नसावी.

मग त्यानं टोचलं. बाळ आधी गप्प झालं, मग लाल झालं, मग सगळी गल्ली गोळा व्हावी असं किंचाळलं. दुसरा कान. दुसरं किंचाळणं. नाना "झालं, झालं गं, झालं माझी बाय," म्हणत मांडी हलवत होते आणि एकदम हलवायचे थांबले. त्यांचे डोळे मोठे झाले.

"चिमे!"

"काय झालं?"

"गरम!" ते म्हणाले. "अगं, गरम लागतंय! मांडीला! मला लागतंय!"

बाळाचं दुपटं आणि नानांचं धोतर एका दमात भिजलं होतं. बारशाचं, इस्त्रीचं धोतर. आई पुढे धावली. "घे तिला, घे, बदलते."

"राहू दे," नाना ओरडले. "कोणी हात लावायचा नाही. राहू दे तिला." ते हसत होते नि त्यांच्या नाकावरून पाणी खाली गळत होतं, तिच्या कपाळावर. "बघ, आपल्याएवढं झालं."

ऊर्वी आता सहा वर्षांची आहे. डबी नानांकडेच आहे. तिचा ‘टक्’ ऐकू आला की ऊर्वी आजोबांच्या चहाचा आकडा मोठ्यानं वाचते. तपेलं आईनं त्यानंतर कधी घासू दिलं नाही.

त्या दिवशी बाळाला बदलायला आत नेताना मी नीलेशच्या हातातला तो मोबाइल घेतला होता आणि पाटावर बसलेल्या नानांकडे रोखला होता. तो एकच फोटो मी माझ्याकडे घेतला. त्यात दोन्ही बाजूंना पट्ट्यांमधले हात जांभळे आहेत, आणि मधोमध मांडीवर एक पिवळा, कडेनं विरत चाललेला डाग आहे. बघणारे विचारतात, हे काय आहे? मी मोबाइल उलटा करून ठेवते. ओल्या कापडावरची ऊब पटकन जाते, तो फोटो काढायला मला थोडाच वेळ मिळाला होता.